खेळ रोजचा हवा आणि तो पाटीवर उतरायला हवा

महोदय,

‘खेळातून गणित’ या उपक्रमाच्या बातम्या आणि छायाचित्रं आपल्या दैनिकात अधूनमधून येतात. वाचून आनंद होतो. पण अनेक शाळांत हा खेळ २२ डिसेंबरच्या गणित दिनाला किंवा साहेबांच्या भेटीच्या दिवशीच मांडला जातो आणि दुसऱ्या दिवसापासून फळ्यावरची उदाहरणं वहीत उतरवणं पुन्हा सुरू होतं. दुसरी-तिसरीला शिकवणारी शिक्षिका म्हणून याची फार खंत वाटते.

आमच्या वर्गात चिंचोक्यांचा एक खेळ चालतो. दोघांत मिळून दहा चिंचोके. एकाने काही मुठीत झाकायचे, बाकीचे समोर ठेवायचे. मुठीत किती ते दुसऱ्याने सांगायचं. सुरुवातीला मुलं वाट्टेल तो आकडा ठोकतात, मग बोटं मोजू लागतात आणि काही दिवसांनी समोर सात दिसले की ‘तीन!’ हे उत्तर आपसूक येतं. दहाच्या जोड्या अशा पक्क्या झाल्या की ८ + ५ करताना मूल पाचातले दोन आठाला देऊन दहा करतं, वर तीन. तेरापर्यंत बोटं मोजत बसत नाही. सापशिडीतही आमचा एक नियम आहे. चोवीसवर असताना चाराचं दान पडलं, तर ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणायचं नाही. ‘पंचवीस, सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस’ म्हणत सोंगटी सरकवायची.

मात्र नुसत्या खेळाने भागत नाही. दिल्लीच्या बालवाड्यांमधला एक प्रयोग २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गणिती खेळ खेळलेल्या मुलांची संख्येची आणि आकारांची जाण वाढली, वर्षभरानंतरही टिकली. पण शाळेतल्या गणितात ती इतरांच्या पुढे गेली नाहीत. बाजारात बसून सुट्ट्या पैशांचा हिशेब तोंडी चोख करणारी मुलं तशाच हिशेबाला कागदावर अडतात, हेही कोलकाता आणि दिल्लीतल्या अभ्यासातून २०२५ मध्ये पुढे आलं. म्हणून प्रत्येक डावानंतर पाटी हातात घ्यायलाच हवी. दुकान-दुकान खेळताना ३७ रुपयांच्या वस्तूला दहाच्या पाच नोटा पुढे केल्या, की एक दहाची नोट मोडून रुपये करावे लागतात. तेवढ्यातच ५० – ३७ मांडून घेतलं, तर दशक सुटा करणं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

पालकांची तक्रार असते, ‘शाळेत नुसते खेळतात.’ तीही पाटीवरची, वहीतली मांडणी पाहून निवळते, हा माझा अनुभव आहे.

केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावं, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. पण मणी, फासे, खेळातल्या नोटा असलेली पेटी कित्येक ठिकाणी कपाटात कुलूपबंद असते, कारण साहित्य डेडस्टॉकला, म्हणजे शाळेच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेलं असतं आणि हरवलं तर जाब कोण देणार, ही धास्ती. वापरात झिजलेलं, हरवलेलं साहित्य निर्लेखित करण्याची, म्हणजे नोंदीतून कमी करण्याची, सोपी पद्धत शिक्षण विभागाने ठरवावी आणि गणिताच्या तासिकेतली रोजची पंधरा मिनिटं खेळ व त्याच्या मांडणीसाठी वेळापत्रकातच राखून ठेवावीत, ही कळकळीची विनंती.

– एक प्राथमिक शिक्षिका, जि. सातारा