‘कधी द्यायचीत?’ असं आधी विचारणाऱ्या दुकानदार काकांना

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

केकच्या सामानाची दुकानं आता गल्लोगल्ली झाली आहेत. स्लॅब, मोल्ड, चमकी, रिबनी सगळीकडे मिळतात. पण गिऱ्हाईक ‘दोन किलो चॉकलेट द्या’ म्हणालं की स्लॅब काढायच्या आधी ‘कधी द्यायचीत, कुणाला, आणि तोवर ठेवणार कुठे?’ असं विचारणारं दुकान आमच्या माहितीत तुमचंच. वाढदिवस, राखी, गणपती, दिवाळी, नाताळ या निमित्तानं घरी चॉकलेटं करणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे हे पत्र. जाहीर एवढ्यासाठी की तुम्ही काउंटरवर उभ्याउभ्या जे सांगता ते नव्यानं सुरुवात करणाऱ्यांच्याही कानावर पडावं.

तुमच्या त्या प्रश्नावरच कोणता स्लॅब घ्यायचा हे ठरतं. स्लॅब उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचायची सवय तुम्ही लावलीत. तिथे कोको बटर लिहिलं असेल तर ते कुव्हर्चर. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट किंवा पाम कर्नेल लिहिलं असेल तर कंपाउंड. कंपाउंड वितळवायचं, ओतायचं, फ्रिजमध्ये घट्ट करायचं, झालं. कुव्हर्चर चवीला कितीतरी सरस, पण त्यातलं कोको बटर साधारण ३३-३४ अंशांना विरघळतं आणि तिशीच्या आसपासच मऊ पडायला लागतं. ऑक्टोबर हीटमध्ये एसटीनं गावी जाणाऱ्या दिवाळीच्या डब्यात ते टिकत नाही. तिथे तुम्ही सरळ कंपाउंड देता, महागडा स्लॅब परत फळीवर ठेवून. नाताळात, थंडी पडलेली असताना, घरातच वाढायच्या ट्रफल्ससाठी, म्हणजे क्रीम घालून वळलेल्या मऊ चॉकलेट गोळ्यांसाठी, मात्र कुव्हर्चरच घ्या म्हणता. आमचंही मत आता तेच आहे: ज्याला चॉकलेटची खरी गोडी आहे त्याला कंपाउंड देऊ नये, आणि ज्याचा डबा उन्हातून जाणार आहे त्याला कुव्हर्चर देऊ नये.

दोन्ही मिसळून मधला मार्ग काढता येईल असं पुष्कळांना वाटतं. तुम्ही दर वेळी अडवता, आणि कारणासकट अडवता. पाम कर्नेलचं फॅट आणि कोको बटर एकमेकांत नीट जमत नाहीत. मिश्रण दोघांपेक्षाही मऊ राहतं आणि काही दिवसांत वर पांढुरका थर येतो. म्हणून आधीच्या घाण्यातलं उरलेलं कंपाउंड कुव्हर्चरच्या भांड्यात खरवडून टाकायचं नाही. भांडी पुसून घ्यायची, धुतली तर पूर्ण कोरडी करायची.

कोरडं या शब्दावर तुम्ही जितका जोर देता तितका कशावरच देत नाही. पाव किलो वितळलेल्या चॉकलेटमध्ये ओल्या चमच्याचे चार थेंब गेले तरी सगळं घट्ट, भगराळ होऊन बसतं. त्यातली पिठीसाखरेसारखी बारीक साखर ते पाणी ओढून घेते आणि तिचे कण एकमेकांना चिकटतात. डबल बॉयलरमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यावर भांडं ठेवून वितळवताना, वरचं भांडं पाण्याला टेकू द्यायचं नाही, आणि ते खालच्या पातेल्यापेक्षा मोठं हवं, म्हणजे कडेनं येणारी वाफ आत शिरत नाही. पाणी उकळलं की गॅस बंद करायचा. मायक्रोवेव्ह असेल तर निम्म्या पॉवरवर ३० सेकंद, ढवळा, पुन्हा ३० सेकंद; थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबायचं, बाकीचे अंगच्या उष्णतेनं वितळतात. कंपाउंडला ४०-४५ अंश पुष्कळ झाले. जास्त तापलं तर तळाला करपतं, व्हाइट सगळ्यांत आधी. दाट वाटलं म्हणून दूध घालायचं नाही. कंपाउंडमध्ये पाव किलोला चमचाभर रिफाइंड खोबरेल चालतं, कुव्हर्चरमध्ये कोको बटर. पाण्यातला रंग आणि इसेन्सही त्याच कारणानं बाद, तेलात विरघळणारेच हवेत.

आणि भगराळ झालंच, तर फेकून देऊ नका हेही तुमच्याकडूनच कळलं. १०० ग्रॅमला २५-३० मिलिलिटर गरम पाणी किंवा दूध चमच्याचमच्यानं घालत जोरात ढवळलं की ते पुन्हा सुतासारखं सरळ येतं. मोल्डमध्ये ते आता घट्ट होणार नाही, पण आइस्क्रीमवर ओतायला किंवा केकच्या थरात घालायला उत्तम.

टेम्परिंगसाठी, म्हणजे कुव्हर्चर ठरावीक अंशांना तापवून-उतरवून चकाकतं गोठावं यासाठी, तुम्ही आग्रहानं थर्मामीटर घ्यायला लावलात त्याबद्दल वेगळे आभार. कोको बटर सहा तऱ्हांनी गोठतं आणि त्यातली पाचवी तऱ्हाच चकाकते, टक्कन मोडते आणि साच्यातून सुटते, एवढं कळलं की बाकीचे आकडे पाठ करावे लागत नाहीत. डार्क ४५ अंशांपर्यंत वितळवायचं, २७-२८ पर्यंत उतरवायचं, पुन्हा ३१-३२ वर आणायचं. मिल्कला शेवटचा आकडा २९-३०, व्हाइटला २८-२९. घरच्या ओट्यावर सोपी रीत म्हणजे दोन तृतीयांश वितळवायचं आणि उरलेलं एक तृतीयांश बारीक चिरून थोडं थोडं घालत ढवळत राहायचं. गोठलेले चांगले कण त्यातूनच मिळतात. मात्र ते तुकडे चकाकते, न पांढुरलेले हवेत. मग सुरीचं टोक बुडवून ओट्यावर ठेवायचं. खोली २०-२२ अंशांची असेल तर तीन ते पाच मिनिटांत ते चकाकून घट्ट व्हायला हवं. दहा मिनिटांनीही बोटाला लागत असेल तर साच्यात ओतू नये. आणि पावसाळ्यात, दमट हवेत, एसी लावल्याशिवाय कुव्हर्चरच्या वाटेला जाऊच नये.

साच्यांचं थोडक्यात. पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे कडक पारदर्शक प्लास्टिकचा, मोल्ड कोमट पाण्यानं धुवायचा, घासणी लावायची नाही, कारण त्यावरचा प्रत्येक ओरखडा चॉकलेटवर उमटतो. दर वेळी धुण्यापेक्षा कापसानं एकेक खळगा गोल फिरवून पुसला की चकाकी वाढते. ओतल्यावर ओट्यावर ठोकायचा, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. फ्रिजमध्ये १०-१५ मिनिटं; फ्रीजरमध्ये नाही, बाहेर काढताच घाम फुटतो. मोल्ड उचलून खालून बघायची तुमची खूण सगळ्यांत कामाची: सुटलेलं चॉकलेट खालून धुरकट दिसतं, चिकटलेलं गडद आणि ओलसर. गडद डाग दिसतोय तोवर उलटायचं नाही.

गणपतीत तुम्ही हिशेब करूनच देता. साच्याचा मोदक २० ग्रॅमचा धरला तर २१ मोदकांना ४२० ग्रॅम लागतं, भांड्याला आणि साच्याला लागून जातं ते धरून अर्धा किलोचा एक स्लॅब. सारण भरायचं तर चॉकलेट कमी लागतं आणि हात जास्त. साचा पूर्ण भरायचा, उलटा करून जास्तीचं पाडायचं, कडा पट्टीनं साफ करायची, कवच घट्ट झालं की तीन चतुर्थांश सारण आणि वर पुन्हा चॉकलेट. गुलकंद तसाच भरला तर त्याचा पाक कवचाच्या बारीकशा भोकातूनही झिरपतो आणि दुसऱ्या दिवशी मोदक चिकट लागतो. म्हणून १०० ग्रॅम गुलकंदाला ५० ग्रॅम डेसिकेटेड खोबरं आणि चमचाभर भरडलेली बडीशेप. सारण गार हवं, आणि वर निदान तीन मिलिमीटर जागा मोकळी. तेवढी नसेल तर झाकण धरत नाही.

दिवाळीच्या बदामाच्या रॉक्सना, म्हणजे चॉकलेटमध्ये घोळवलेल्या बदामांच्या खडबडीत गोळ्यांना, ४०० ग्रॅम चॉकलेटला २०० ग्रॅम बदाम. १२ ग्रॅमचा एक धरला तर ५० होतात. बदाम १५० अंशांवर १०-१२ मिनिटं भाजून पूर्ण गार करायचे. कोमट घातले तर टेम्पर मोडतं, न भाजता घातले तर रॉक मऊ लागतो. अक्रोड मात्र आधी खाऊन बघायचे. ते सगळ्यांत लवकर खवट होतात आणि एक खवट तुकडा अख्खा डबा घालवतो. वाढदिवसाच्या रिटर्न गिफ्टला ३० मुलं, प्रत्येकी १० ग्रॅमची तीन, म्हणजे ९०० ग्रॅम, त्यावर दहा टक्के वाया जाणारं. शेंगदाणे किंवा कुठलाही सुकामेवा असेल तर तो पुडीवर लिहायचाच, हे तुम्ही आईबापांना बजावता ते बरं करता. लहान मुलांच्या पार्टीत ही गोष्ट चवीच्या आधी येते.

ट्रफल्सच्या बाबतीत आमच्यातल्या काहींचं तुमच्याशी जमत नाही, तेही लिहून टाकतो. तुम्ही म्हणता डार्क कुव्हर्चर आणि क्रीम वजनानं दोनास एक. पण आपल्याकडच्या पाकिटातल्या फ्रेश क्रीममध्ये २५ टक्केच फॅट असतं, पाणी जास्त. त्यामुळे २०० ग्रॅम चॉकलेटला ८० ग्रॅम क्रीम आणि २० ग्रॅम लोणी घेतलं की गोळे नीट वळतात. क्रीमच्या कडेला बुडबुडे आले की चिरलेल्या चॉकलेटवर ओतायचं, दोन मिनिटं हात लावायचा नाही, मग मधून ढवळायला सुरुवात. तूप सुटल्यासारखं दिसलं तर चमचाभर कोमट दूध घालून ढवळायचं, परत जुळून येतं. हे फ्रिजमध्येच ठेवायचं आणि चार-पाच दिवसांत संपवायचं. कुरिअरच्या डब्यात ट्रफल घालायचे नाहीत, यावर आपलं एकमत आहे.

चॉकलेटवर पांढरं आलं की बुरशी म्हणून डबे परत येतात. तुम्ही त्यावर बोट घासायला सांगितलंत. बोटाच्या उबेनं पांढरं पुसलं जाऊन तुपकट लागलं तर ते फॅट वर आलेलं, म्हणजे टेम्परिंग चुकलं किंवा डबा ऊन-गार झाला. रवाळ लागलं तर साखर, म्हणजे कुठेतरी दमट लागलं. दोन्ही खायला चालतात, पण चूक कुठे झाली ते त्या बोटावरच कळतं. फ्रिजमध्ये ठेवायचीच वेळ आली तर हवाबंद डब्यात, नाहीतर लसणाच्या फोडणीचा वास लागतो. बाहेर काढल्यावर डबा तासभर न उघडता ठेवायचा, म्हणजे घाम डब्याला येतो, चॉकलेटला येत नाही. रंगीत फॉइल त्यानंतरच गुंडाळायची.

हे सगळं सांगायला तुम्ही वेळ देता, तोही राखीच्या आदल्या दिवशीच्या गर्दीत, पाव किलो घेणाऱ्यालाही. मनापासून आभार, काका.

तुमची,
घरी चॉकलेटं करणारी गिऱ्हाइकं

ता. क. १० ग्रॅमच्या मोदकाचे पॉलिकार्बोनेट मोल्ड श्रावण लागायच्या आत मागवाल का? सिलिकॉनच्या मोल्डमध्ये कळ्या नीट उठत नाहीत. आणि पावशेरी पॅकमध्ये व्हाइट कंपाउंड ठेवा. रंगाच्या नक्षीपुरतं हवं असताना अर्धा किलोचा स्लॅब फोडावा लागतो.