अण्णा, साताऱ्यात दर्या नाही

आदरणीय अण्णा,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानले की तुम्ही "बरं बरं, ठेवा आता, बिल वाढेल" म्हणून फोन ठेवून देता. हल्ली बोलण्यावर बिल वाढत नाही, हे तीनदा सांगून झालं. समोर बसून मानावेत, तर तुम्ही चष्मा पुसायला घेता. म्हणून चारचौघांत हे पत्र लिहितोय. जावई वाचून दाखवतील, तेव्हा मध्येच उठून जाऊ नका.

निमित्त संमेलनाचं. २०२६ च्या जानेवारीत आपल्या शाहू स्टेडियमवर ९९वं साहित्य संमेलन झालं, तेव्हा मी ग्रंथप्रदर्शनात माझ्या प्रकाशकाच्या गाळ्यावर उगाच उभा होतो. पाटणकडची एक तरुण शिक्षिका आली. माझं पुस्तक उचललं, मलपृष्ठावरचा फोटो आणि मी जुळतोय का ते बघितलं आणि हळूच विचारलं, "काका, किती घेतले हो यांनी?"

मी म्हटलं, "घेतले नाहीत, दिले. पहिल्या वर्षाचे चार हजार चारशे अठ्ठ्याऐंशी."

तिचा विश्वास बसला नाही. तिच्या पिशवीत लेखकाकडून पैसे घेऊन पुस्तक काढून देणाऱ्या कंपनीचं एक गुळगुळीत माहितीपत्रक होतं: सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. मला ते लांबूनच ओळखू आलं. अण्णा, त्यातलं गोल्ड मी घेतलेलं आहे.

ती हकीकत तुम्हाला ठाऊक आहे, पण हे पत्र तिच्यासारख्यांच्याही हाती पडावं म्हणून पुन्हा सांगतो. निवृत्त झाल्यावर लॉकडाऊनच्या दिवसांत मी चौतीस वर्षांच्या कंडक्टरकीच्या आठवणी लिहून काढल्या. यवतेश्वरचा घाट, केळघरचा घाट, बामणोलीची वस्तीची गाडी, सगळं. पुतण्यानं टाइप करून दिलं. ३१२ पानं झाली. मोबाइलवर जाहिरात दिसली, '३० दिवसांत लेखक व्हा'. सोमवारी रात्री फाइल पाठवली आणि बुधवारी सकाळी फोन. "सर, तुमचं लिखाण अप्रतिम आहे. आमच्या संपादक मंडळानं एकमतानं निवडलंय."

दीड दिवसात ३१२ पानं वाचणारं मंडळ कसलं असेल, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. मला फक्त 'सर' ऐकू आलं. चौतीस वर्षं लोकांनी मला 'ओ मास्तर' म्हणून हाका मारल्या, बहुतेक वेळा सुट्ट्या पैशांसाठी. 'सर' कुणी म्हटलं नव्हतं. ग्रॅच्युइटीतून अठ्ठावन्न हजार भरले. घरी अठ्ठावीस सांगितले होते. हे पत्र सौभाग्यवती वाचणार आहेत, तेव्हा तेही एकदाचं होऊन जाऊ दे.

एक खोकं आलं. पन्नास प्रती, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र आणि माझं नाव कोरलेला काचेचा चषक. हॉल घेतला, कंदी पेढे वाटले, नातेवाइकांनी शाल घातली. मग एक प्रत घेऊन तुमच्यासारख्या जुन्या छापखानेवाल्याकडे आलो. तुम्ही ती हातात घेतलीत, कणा दाबून बघितलात, कागद अंगठ्यानं चाचपलात आणि म्हणालात, "ठेवून जा."

तीन आठवडे काही नाही. मी मनात म्हटलं, म्हातारबुवांना हेवा वाटला असेल. (हेही एकदा कबूल करायचं होतं.)

बाविसाव्या दिवशी बोलावलंत. पुस्तक टेबलावर होतं आणि त्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीच्या खुणा होत्या. भिंग घेऊन तुम्ही सगळं, अगदी सगळं वाचलं होतं. पान तीनवरच्या 'घाटाच्या दोन्ही बाजूंना खोल दर्या' या ओळीखाली रेघ आणि समासात तुमच्या बारीक अक्षरात प्रश्न: "मास्तर, साताऱ्यात समुद्र कधी आला?"

जुन्या फाँटातली फाइल युनिकोडमध्ये नेताना त्यांच्या यंत्रानं सगळे 'ऱ्य' गिळले होते. माझं पुस्तकच घाटाचं, त्यामुळे पानोपानी दऱ्या, आणि प्रत्येक दरीचा दर्या झालेला. एकशे चौदा ठिकाणी. तुम्ही मोजले होते. अठ्ठावन्न हजारांत 'तज्ज्ञ मुद्रितशोधन' होतं.

मी म्हटलं, "यंत्राची चूक आहे, अण्णा." तुम्ही म्हणालात, "यंत्राची आहे, खरंय. पण हे पुस्तक छापण्याआधी जगात एका माणसानंसुद्धा वाचलेलं नाही."

त्या दिवशी मला राग आला होता. घरी जाताना राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत चालत गेलो, रिक्षा केली नाही. पण आभार मानायचे आहेत ते या एका वाक्यासाठी, आणि त्या बावीस दिवसांसाठी. पैसे घेणाऱ्यांनी माझं कौतुक केलं, वाचलं मात्र नाही. तुम्ही छदाम न घेता वाचलंत आणि कौतुक केलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी परत आलो, तर तुम्ही पाटी पुढे केलीत. "मास्तर, वेबिल काढा."

वेबिल म्हणजे माझा श्वास. कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत तिकिटं फाडली, कुठल्या टप्प्याला किती माणसं, हातात रोकड किती. रात्री हिशेब जुळल्याशिवाय कंडक्टरला झोप नाही. तो मी, आणि माझ्याच पुस्तकाच्या एकूण किती प्रती छापल्या हे मला सांगता येईना. 'मागणीनुसार छपाई' असा शब्द होता, म्हणजे कुणी मागवली की एक छापायची. खपल्या अकरा, त्यातल्या सात कुणी घेतल्या हे मला नावानिशी माहीत. किंमत ३९९. करारात 'लेखकाला १०० टक्के रॉयल्टी' ठळक अक्षरांत. तुम्ही पाटीवर मांडलंत: निम्मे ऑनलाइन दुकानाचे, छपाईचे १६५, उरले साडेचौतीस. त्या साडेचौतीसचे शंभर टक्के माझे. "तुमचे अठ्ठावन्न हजार परत यायला १६८२ प्रती खपल्या पाहिजेत. तुमची गाडी किती सीटची?" मी म्हटलं, चव्वेचाळीस. "म्हणजे अडतीस गाड्या फुल्ल, वर दहा उभे."

अण्णा, तेव्हा मी हसलो होतो, पण पोटात कालवलं होतं.

आयएसबीएनचंही, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकाचंही, तसंच. बिलात त्याचे पाच हजार वेगळे लावले होते, आणि मी तो नंबर पाहुण्यांना शिक्क्यासारखा दाखवत होतो. तुम्ही सांगितलंत, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून तो फुकट मिळतो, लेखकाला स्वतःलाही अर्ज करता येतो. "आणि तो गाडीचा नंबर आहे, मास्तर. पासिंग नव्हे."

एक गोष्ट मात्र तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलीत आणि ती मी त्या शिक्षिकेलाही सांगितली. पदरचे पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा नाही. तुमच्या छापखान्यात लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तकांच्या मधून तुम्ही कितीतरी शाळामास्तरांचे कवितासंग्रह छापून दिलेत, तीनशे-तीनशे प्रतींचे. फर्म्याचा (एका तावावरच्या सोळा पानांचा) भाव वेगळा, कागदाचा वेगळा, बाइंडिंग वेगळं, आणि शेवटी स्वच्छ सांगणं: "मी मुद्रक. विकायचं तुमचं तुम्ही बघा." छापखान्याच्या पाटीवरही तुम्ही 'मुद्रक' एवढंच लिहिलं होतंत, 'प्रकाशक' कधी लिहिलं नाहीत. छापणावळ घेऊन त्याला प्रकाशन म्हणायचं, तुमची चीड तिथे होती.

मग करार वाचायला बसलो. सातव्या पानावर बारीक इंग्रजीत होतं की साठ दिवसांची नोटीस देऊन लेखकाला पुस्तक मागे घेता येईल. तुमच्या नातीनं ते शोधलं, तिलाही माझा नमस्कार. रजिस्टर एडी पाठवली. त्यांचा फोन आला, "सर, प्लॅटिनमला अपग्रेड केलंत तर आपण नवी आवृत्ती काढू." माणसं चिकाटीची, एवढं मान्य करावं लागेल.

एक नुकसान मात्र भरून निघालं नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देतं. १९६० साली, कराडचे यशवंतराव मुख्यमंत्री असताना ते मंडळ झालं आणि वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे पहिले अध्यक्ष. म्हणजे मंडळ आपल्याच जिल्ह्याच्या माणसांनी उभं केलेलं आणि मला त्याचा पत्ता नव्हता. तुम्ही सांगितलंत तोवर माझं पहिलं पुस्तक निघून गेलेलं, एकशे चौदा दर्यांसकट.

पुढचं दीड वर्ष तुम्ही मला 'नाही' म्हणत होतात. निवृत्तीच्या सत्काराचं भाषण? नाही. बदलीसाठी केलेल्या अर्जांच्या नकला? नाही. साहेबांवरची कविता? "ही तुमच्या साहेबांना द्या." बामणोलीच्या वस्तीच्या गाडीवर मात्र बोट ठेवलंत. रात्री मुक्कामाला गाडी लावायची, पहाटे धुक्यात चुलीवरचा चहा, आणि लाँचमधून उतरून पहिल्या गाडीला येणारी माणसं, ज्यांच्या जुन्या गावांवर आता कोयनेचं पाणी आहे. मी त्यावर तीन पानं लिहिली होती. तुम्ही म्हणालात, "इथे पुस्तक आहे. बाकीचं वेबिल आहे." त्या तीन पानांची चाळीस झाली आणि ३१२ ची १७६. अकरा फर्मे बरोबर, असं म्हणून तुम्ही पहिल्यांदा खूश दिसलात.

प्रकाशकांचीही पूजा बांधायची नाही, हे तुम्हीच शिकवलंत. पहिल्यानं उत्तर दिलं नाही. दुसऱ्याचं पाच महिन्यांनी आलं, छापील नकार, पण खाली हातानं एक ओळ: 'वस्तीच्या गाडीचं प्रकरण आवडलं.' ती ओळ मी पाकिटात घेऊन फिरत होतो. तिसरा नावाजलेला. तो म्हणाला, काढतो, पण लेखकानं तीनशे प्रती चाळीस टक्के सवलतीनं घ्यायच्या. मी तयार झालो होतो. तुम्ही म्हणालात, "दुकानदारालाही तो एवढेच टक्के देणार. फरक एवढाच की दुकानदाराचं दुकान आहे, तुमचा पलंगाखालचा कोपरा आहे." चौथ्यानं हो म्हटलं आणि मग चौदा महिने लावले. त्यांच्या संपादकबाईंनी आणखी बारा पानं कापली आणि त्याच जागी बारा नवी मागितली. मुखपृष्ठावर आली ती लाल गाडी आपली नव्हतीच, कुठल्या तरी दुसऱ्या राज्याची. त्यावर मी भांडलो. जिंकलो.

करारावर सही करण्याआधी तुम्ही समोर बसवून प्रत्येक कलम वाचायला लावलंत. छापील किमतीवर दहा टक्के, वर्षातून एकदा विक्रीचं पत्रक, लेखकाला दहा प्रती, मुदत पाच वर्षं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षंच धरतात, असं मी कुठेसं वाचून आलो होतो आणि ते तुम्हाला ऐटीत सांगितलं. "मग लिहायला शाई लागते का?" एवढंच तुमचं उत्तर. अनुवाद आणि ध्वनिपुस्तकाचे हक्क मी माझ्याकडे ठेवले. कोण मागणार आहे म्हणा, पण ठेवले.

पाचशे प्रती छापल्या. किंमत २४०. पहिल्या वर्षी १८७ खपल्या, प्रतीमागे चोवीस रुपये. पत्रक यायला तीन महिने उशीर झाला आणि दोनदा फोन करावा लागला, पण आलं तेव्हा त्यावर आकडे होते: छापल्या किती, विकल्या किती, परत आल्या किती, शिल्लक किती. मी ते तीनदा जुळवलं. वेबिल बरोबर होतं.

त्या शिक्षिकेला मी तुमचा पत्ता दिलेला नाही, काळजी नसावी. तिच्या कविता मीच वाचायला घेतल्यात. आज सतरावा दिवस. पेन्सिल तुमच्याकडून ढापलेलीच आहे, ती परत मिळणार नाही.

सोबत नव्या पुस्तकाची एक प्रत पाठवतोय. चार जणांनी प्रुफं बघूनही पान ८७ वर, बामणोलीच्या वळणाशी, एक दर्या राहून गेलाय. आता तिथे खाली शिवसागर आहे, कोयनेचं पाणी पार डोंगरापर्यंत आलेलं असतं. तेवढा एक चालवून घेता येईल का, ते मी पुढच्या रविवारी येऊन विचारतो.

आपला,
मास्तर