तारांची चाके किलोवर विकू नका

संपादक महोदय,

बेळगाव-निपाणी पट्ट्यात जुन्या गाड्यांची तारांची चाके भंगाराच्या भावाने जातात. त्यांत जुन्या फोर्डची आहेत का ते ओळखायला आधी टायर काढा आणि व्यास रिमच्या कडेवर नव्हे, टायर बसतो त्या जागी मोजा. फोर्डची 1928-29 ची चाके 21 इंची, 1930-31 ची 19, 1932 ची 18, 1933-34 ची 17 आणि 1935 ची 16 इंची. पाच बोल्ट असतील तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांतले अंतर सुमारे 82 मिलिमीटर भरले पाहिजे. या चाकांचे स्पोक वेल्ड केलेले असतात. निपल (स्पोक ताणायची छोटी नट) दिसले तर चाक दुसऱ्याच गाडीचे.

हॉट रॉडवाले, म्हणजे जुन्या गाड्या बदलून वेगवान करणारे हौशी, 16 आणि 18 इंची चाके आवर्जून शोधतात. एकसारख्या चारांना सुट्या चाकांपेक्षा चांगली किंमत येते. ताजा रंग दिसला की मला तरी संशय येतो, खाली लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, असते. स्पोकच्या मुळाशी खरवडून गंज पाहा. उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत लेथवर फिरवून डगमग तपासून घ्या. नव्या धाटणीच्या ब्रेक ड्रमवर बसवताना मागे आधाराची रिंग हवीच, नाहीतर बोल्ट आवळताना चाकाचा मधला भाग वाकतो.

एक वाचक, बेळगाव