सूचना: दप्तर रात्रीच, आणि मुलांनीच भरायचं

पालकहो, सोमवारपासून आपल्या गटातल्या मुलांनी दप्तर स्वतः भरायचं आहे, तेही झोपण्याआधी. वेळापत्रक दप्तराच्या जागेशेजारी, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर चिकटवा. वाचता न येणाऱ्यांसाठी चित्रं काढा: डबा, बाटली, वही. तुम्ही नुसतं शेजारी बसा. हात शिवशिवतील, पण भरून देऊ नका. पट्टी राहिली तर राहू द्या. दुसऱ्या दिवशी बहुधा तीच आधी आत जाते. चष्मा आणि औषध मात्र तुम्हीच तपासा.

‘पसारा आवर’ म्हटलं तर लहानांना नेमकं काय करायचं ते उमगत नाही; ‘ठोकळे या डब्यात टाक’ लगेच कळतं. सुट्टीतही झोपेची वेळ फार हलवू नका. अडचणी गटात विचारा, फोटो नकोत.