उरलेल्या पार्टांची हॉट रॉड

पुणे, २ मे

चि. सुमेध,

अनेक आशीर्वाद.

प्लास्टिकच्या मॉडेल गाड्यांच्या किटांतून उरलेल्या पार्टांचं माळ्यावरचं खोकं, त्याचे फोटो पोचले. एवढ्या भंगारातून गाडी उभी राहील का, असं विचारलंस. राहील. खरी हॉट रॉड तरी दुसरी काय होती! कॅलिफोर्नियातली पोरं १९३० च्या दशकात भंगारातून जुनी फोर्ड उचलायची, मडगार्ड-फूटबोर्ड काढून टाकायची, दुसऱ्याच गाडीचं इंजिन त्यात बसवायची आणि मुरॉकच्या कोरड्या तळ्यावर नेऊन पळवायची. त्यामुळे एका किटची बॉडी, दुसऱ्याची चासी नि तिसऱ्याचं इंजिन घेतलंस म्हणून कुणी नावं ठेवणार नाही. चूक होते ती मापात आणि काळात. तेवढं सांभाळ.

आधी माप. खोक्यात १/२४ आणि १/२५ असे दोन्ही स्केल, म्हणजे खऱ्या गाडीच्या चोविसाव्या आणि पंचविसाव्या हिश्श्याचे पार्ट, मिसळलेत. चासीच्या पोटाखाली कधीकधी आकडा कोरलेला असतो. नसला तर पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर मोज. १९३२ च्या फोर्डचा व्हीलबेस १०६ इंच. पट्टीवर १०८ मिमीच्या आसपास आलं तर चासी १/२५, ११२ च्या आसपास आलं तर १/२४. बॉडी आणि चासी एकाच स्केलची हवी. बाकीचं चालतं, खऱ्या गाडीला तरी कुठे एकाच मापाची चाकं लावायचे? सगळी मापं १/२५ मध्ये कर, हिशोब सोपा जातो. खरा एक इंच म्हणजे आपला एक मिलिमीटर. छत तीन इंच उतरवायचं तर तीन मिमी काप. कॅल्क्युलेटर लागत नाही.

फोटोत फोर्डच्याच मॉडेल ए कूपची पांढरी बॉडी दिसते, ती घे. खाली १९३२ च्या फोर्डची काळी चासी. ही जोडी खऱ्या बिल्डरांचीही आवडती, कारण ३२ ची चासी मजबूत आणि बाजूने दिसायला देखणी. मॉडेल एचा व्हीलबेस ३२ पेक्षा अडीच इंचांनी कमी, म्हणजे १०३.५. बॉडी मागच्या चाकाच्या कमानीशी जुळवून बसव, उरलेले अडीच मिमी आपोआप पुढे इंजिनाला मिळतात. बॉनेट अर्थातच बसणार नाही. ते लावूच नको. काउलपाशी, म्हणजे डॅशबोर्डच्या पुढच्या भागात, चासी बॉडीपेक्षा जरा रुंद निघेल. तिथे क्रॉसमेंबर, म्हणजे चासीची आडवी पट्टी, दोन्ही टोकांनी सारखी कानसून रेल, म्हणजे बाजूच्या लांब पट्ट्या, आत घ्यायच्या. एका बाजूनेच कानसलंस तर इंजिन तिरकं बसेल आणि ते लक्षात येईल थेट रेडिएटर लावताना.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गोंदाची बाटली उघडायच्या आधी गाडी जमिनीवर कशी बसते ते ठरव. किटमधले अ‍ॅक्सल त्या किटच्या चाकांसाठी केलेले असतात. तू परके टायर लावलेस की उंची बदलते, आणि हॉट रॉडचा सगळा डौल त्या उंचीत असतो. बाबांच्या दाढीचा जुना आरसा घे, तो अगदी सपाट असतो. त्यावर आलेख कागद चिकटव. पुढे साधारण २६ मिमी व्यासाचे टायर, मागे ३०. चासी हवेत धरायला खाली लग्नपत्रिकांचे तुकडे रच. एकेक तुकडा वाढवत-कमी करत गेलास की अगदी बारीक फरक साधता येतो. इंजिनाच्या तळाचा ऑइल पॅन जमिनीपासून ५ मिमी वर राहू दे, आणि रेलचं मागचं टोक पुढच्यापेक्षा ३ मिमी वर. चारही चाकं मास्किंग टेपने नुसती अडकव, बॉडी ठेव, डोळा आरशाच्या पातळीला आणून बाजूने बघ. मग फोटो काढ. डोळ्याला न दिसलेलं फोटोत दिसतं.

यातून दोन गोष्टी कळतील: पुढचा अ‍ॅक्सल किती खाली हवा, आणि मागचा किती वर. पुढे खोक्यातला मधोमध खोलगट असलेला ड्रॉप अ‍ॅक्सल लाव. तरी नाक उंच राहिलं तर वरचा आडवा कमानपट्टा, म्हणजे स्प्रिंग, थोडा कानस. मागे स्प्रिंगचा जाडपणा कमी करूनच भागव. चासी कापून मागून उचलतात, तिला झेड मारणं म्हणतात, तो मोह तुला होणार. या गाडीत करू नको. रेल चार मिमी उचलल्या की मागचा फ्लोअर चार मिमी वर येतो, त्याबरोबर सीट वर येते, आणि छत आपण तीन मिमी उतरवणार आहोत. आत बसणाऱ्याच्या डोक्याला जागाच उरत नाही. प्रदर्शनातल्या निम्म्या मॉडेलांत ड्रायव्हर बसवला तर त्याचं डोकं छताबाहेर जाईल, ते याच हिशोबामुळे.

छत उतरवायला मॉडेल ए बरी, कारण तिचे खांब जवळजवळ सरळ उभे असतात. छत सरळ खाली येतं. प्रत्येक खांबावर मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या आडव्या लाव, मधे बरोबर तीन मिमी. करवत टेपच्या कडेला टेकवून नको चालवू. पातं स्वतःच पाव मिमी खातं. रेषेच्या आतून काप आणि उरलेलं कानशीने रेषेपर्यंत आण. आधी सगळे खांब वरच्या रेषेवर कापून छत मोकळं कर, मग खालचे तुकडे काढ. एकेक खांब पूर्ण उरकत गेलास तर राहिलेल्या खांबांवर ताण येऊन एखादा कडकन मोडतो. कापलेले तुकडे टाकू नको, चूक झाली तर तेच परत लावता येतात. मागच्या कोपऱ्यांत छत आणि बॉडी यांच्या कडा तंतोतंत जुळणार नाहीत, फरक मिलिमीटरच्या आतलाच असेल. तिथे प्लास्टिकची पातळ पट्टी घाल, मग पुट्टी. खांबांना अर्ध्या मिमीचं भोक पाडून तारेची खीळ घाल आणि फेव्हिक्विकने जोड. पातळ सिमेंट, म्हणजे प्लास्टिक जोडायचं द्रव, इथे नको. ते प्लास्टिक मऊ करतं, आणि एवढा बारीक खांब मऊ झाला की छत रात्रीतून एका बाजूला कलतं.

बाकी सगळीकडे मात्र पातळ सिमेंटच. दोन पार्ट आधी दाबून धर, फटीला ब्रश टेकव. द्रव आपोआप आत ओढला जातो. चोवीस तास हात लावू नको. तुझा मित्र साइनबोर्डवाल्याकडचं अ‍ॅक्रिलिक जोडायचं द्रव आणून देईल म्हणतोस, ते घरात आणू नकोस. चिकटतं झकास, पण पातळ पार्ट विरघळवून टाकतं आणि वाफ घातक असते. पुट्टी संपली तर स्प्रूच्या, म्हणजे किटमधले पार्ट ज्या चौकटीला चिकटून येतात तिच्या, काड्यांचे बारीक तुकडे थोड्या सिमेंटमध्ये भिजत घाल, रात्रभरात लगदा होतो. तोच फटीत भर. त्याच प्लास्टिकचा असल्यामुळे घासताना कडा वेगळी उठत नाही.

क्रोमच्या पार्टांवर सिमेंट धरत नाही, कारण ते प्लास्टिकपर्यंत पोचतच नाही. जोडाच्या जागी क्रोम खरवडून काढ. आजोबांच्या मागाची मोडकी फणी माळ्यावर पडलीय. तिची एक पाती सोडवून घे, खरवडायला तिच्याइतकं हत्यार नाही. ज्या पार्टांवरचं क्रोम अख्खंच नको ते कपड्याच्या ब्लीचमध्ये टाक. कधी दहा मिनिटांत उतरतं, कधी रात्र लागते. हातमोजे घाल, खिडकी उघडी ठेव. आणि हे नीट वाच: आजीच्या बाथरूममधल्या अ‍ॅसिडच्या जवळपासही ब्लीच न्यायचं नाही. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. क्रोम उतरल्यावर पार्ट भरपूर पाण्याने धू. क्रोम ग्रिलच्या चौकटीला, हेडलाइटला आणि एअर क्लीनरला ठेव. जास्त केलंस तर सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतलं खेळणं वाटेल.

इंजिन. खोक्यात फोर्डचं फ्लॅटहेड, म्हणजे चपट्या हेडचं व्ही-८, आहे आणि एक शेव्हरोलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८. गाडी कोणत्या काळातली म्हणायची ते इंजिन ठरवतं. फोर्डचं व्ही-८ १९३२ मध्ये आलं, २२१ घन इंचांचं. शेव्हरोलेचं १९५५ मध्ये, २६५ चं. शेव्हरोले लावलंस तर गाडी पंचावन्ननंतरची झाली. मग साठच्या दशकातली मॅग, म्हणजे हलक्या धातूची, चाकंही चालतील. फ्लॅटहेडला मात्र साधी स्टीलची चाकं शोभतात. माझं मत फ्लॅटहेडला. पण त्यात तीन ठिकाणी लोक हमखास फसतात. एक, एक्झॉस्ट. फ्लॅटहेडला प्रत्येक बाजूला तीनच तोंडं असतात, मधल्या दोन सिलिंडरांचा धूर एकाच वाटेने निघतो. खोक्यातले चार नळ्यांचे हेडर शेव्हरोलेचे आहेत, ते त्याला लावू नको. दोन, डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना वीज वाटणारा भाग. फ्लॅटहेडचा पुढे असतो, शेव्हरोलेचा मागे फायरवॉलपाशी, म्हणजे इंजिन आणि ड्रायव्हरमधल्या भिंतीपाशी. तीन, पाण्याचे होज. फ्लॅटहेडला दोन हेडमधून दोन होज रेडिएटरच्या वरच्या बाजूला जातात. ग्रिलमागच्या रेडिएटरला एकच तोंड असेल तर ते घासून टाक आणि दोन नवीन भोकं पाड. ब्लॉकमधून आरपार भोक गेलेलं दिसेल. जुन्या किटांत पुढचा लोखंडी अ‍ॅक्सल इंजिनातूनच जायचा. त्यात स्प्रूची काडी ठोकून बसव, सिमेंट लाव, घास.

प्लगच्या वायरी नऊ: आठ प्लगना, एक कॉइलला. सुती दोरा घेऊ नको. त्याची लव या मापात केसाळ दोरखंडासारखी दिसते. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ३० गेजची तांब्याची वायर मिळते. जाडी ०.३ मिमी, खऱ्या ७ मिमी वायरीला बरोबर. यंत्रमागाच्या मोटरी भरणारे आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत, हातभर तुकडा कुणीही फुकट देईल. वायर आधी काळी रंगव, वाळल्यावर लाव.

रंगाचं सोलापूरच्या उन्हाळ्यात सांभाळून कर. सकाळी सहा ते सात, गच्चीवर, वारा पडलेला असताना. दहाच्या पुढे स्प्रेचा थेंब हवेतच वाळतो आणि बॉडीवर पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर बसतो. आदल्या रात्री सगळे पार्ट भांड्याच्या साबणाने धुऊन ठेव, साच्याचं तेल त्यावर राहिलेलं असतं. प्रायमर २०-२५ सेंटिमीटरवरून, नुसती धूळ उडवल्यासारखे हलके थर. गाड्यांच्या टचअपचा स्प्रे उघड्या प्लास्टिकवर ओला मारलास तर पृष्ठभागाला जाळीसारख्या भेगा पडतात. खाली प्रायमर हवाच. ग्रिलची चौकट लाल प्लास्टिकची आहे. तिच्या आतल्या बाजूला फिकट रंग देणार असशील तर आधी चंदेरी थर दे, नाहीतर लाल रंग महिन्याभरात वर झिरपतो. बॉडीला एकच रंग, गडद निळा किंवा मॅट काळा. आगीच्या ज्वाळांचे स्टिकर खोक्यातच राहू देत.

वाळायला पत्र्यावर ठेवू नको. दुपारी पत्रा इतका तापतो की छताचे कापलेले खांब वाकतील. कपाटावर, वर उलटा डबा झाकून. काळ्या चासीची एक रेल फोटोत आत्ताच वाकडी दिसते. ती नुकत्याच उकळलेल्या पाण्यात काही सेकंद धर, आरशावर सपाट दाब, लगेच गार पाण्यात घाल. घाई केलीस तर पीळ पडतो.

काचा सगळ्यात शेवटी. पेढ्याच्या खोक्याचं पारदर्शक झाकण काप, छताइतकेच तीन मिमी कमी. चिकटवायला फेविकॉल. फेव्हिक्विकच्या वाफेने काच धुरकट होते आणि ती पुसून जात नाही.

आरशावर गाडी ठेवून काढलेला फोटो मला पाठव, त्याआधी काही चिकटवू नको.

तुझी
आई

ता. क. टायर आत्ताच वेगळ्या पिशवीत काढून ठेव. मऊ टायरमधलं तेल प्लास्टिक खातं; एकत्र पडून राहिले तर रिमवर आणि बॉडीवर टायरची नक्षी कायमची उठते. बसवायच्या वेळी रिमच्या कडेला रंगाचा नीट थर असू दे.