आमच्या गटप्रवर्तक ताईंना खुले आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

बदलीच्या आदेशानुसार मी या महिनाअखेरीस आपले प्राथमिक आरोग्य केंद्र सोडत आहे. निरोप समारंभात वैद्यकीय अधिकाऱ्याचे कौतुक होईलच. पण केंद्राच्या हद्दीतल्या आशा स्वयंसेविका इतकी वर्षे मन लावून काम करत राहिल्या, याचे श्रेय त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक म्हणून तुमचे आहे; तुमचे आभार चारचौघांत मानले जावेत, म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले, तेव्हा आशा ही पगारी कर्मचारी न ठरता स्वयंसेविका ठरली आणि तिचा मोबदला कामागणिक बांधला गेला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचे, वजन करायचे, ताप पाहायचा, श्वास मोजायचे, आईचे दूध नीट येते का ते विचारायचे, आणि या सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर २५० रुपयांचे देयक मंजूर होण्याची वाट पाहायची. अशा व्यवस्थेत सुरुवातीचा उत्साह काही वर्षांत ओसरला तर नवल नाही, आणि त्याचा दोष त्या बाईच्या माथी मारणे हा अन्याय आहे. गृहभेटींची ही पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोलीत उभी केली, १९९९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ पासून ती देशभर राबवली जाऊ लागली. गावातली बाई हे काम उत्तम करू शकते, हे त्यातून सिद्ध झाले. ती ते पुढेही करत कशी राहील, हे मात्र कोणत्याही परिपत्रकात लिहिलेले नसते आणि मला ते तुमच्याकडे पाहून समजले.

तुम्ही मासिक आढावा बैठकीचा क्रम बदललात. पूर्वी सुरुवातीलाच अपूर्ण उद्दिष्टे मोठ्याने वाचली जात आणि मागच्या रांगेतल्या बायका माना खाली घालून बसत. तुम्ही आधी प्रत्येकीचे कोणते देयक कुठे अडकले आहे, आरोग्य सेविकेच्या सहीसाठी थांबले आहे की तालुक्याला गेले आहे, याचा तक्ता भिंतीवर लावायला सुरुवात केली. त्यानंतर एखादी आशा महिन्यातला एक अवघड प्रसंग सांगे, इतर जणी त्यावर बोलत, आणि मग उद्दिष्टांकडे वळल्यावर त्याच बायका आपण होऊन अडचणी मांडत. पैसे वाढले नव्हते. पण आपल्या पैशांचा माग कोणीतरी ठेवते आहे, एवढ्याने खोलीतली हवा बदलली होती.

पाड्यावरची एक भेटही मी विसरणार नाही. नवी आशा तिसऱ्या दिवशीच्या बाळाचे श्वास मोजत होती आणि आजी सारखी मध्ये बोलत असल्याने तिची मोजणी चुकत होती. तुमच्या जागी दुसरे कोणी असते तर बाळ स्वतःच्या हातात घेतले असते. तुम्ही आजीला बाजूला बसवून तिच्याशी गप्पा सुरू केल्यात, पोरीला पूर्ण मिनिटभर निवांत मोजू दिलेत आणि निघताना त्या घराला सांगितलेत, ‘बाळाचं काही वाटलं तर आधी हिलाच बोलवा, हिला सगळं येतं.’ त्या घरात तिचा शब्द त्या दिवसापासून चालू लागला.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद मानला. तरीही ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२४ च्या आरंभी राज्यातल्या आशांना संपावर जावे लागले. तुम्हीही त्यांच्यासोबत होतात. संप मिटल्यानंतर ‘तेव्हा सेवाभाव कुठे गेला होता’ असे काही जण विचारत होते. तुम्ही तो विषय वाढू दिला नाहीत, राहिलेल्या गृहभेटींची यादी काढून ती सगळ्यांत वाटून घेतलीत. हक्काचा मोबदला मागणारी बाई कामात कमी निष्ठावान असते, ही समजूत मुळातच चुकीची आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि ते तुमच्या गटाचे काम पाहून बनले आहे.

तुमची स्वतःची परिस्थिती वेगळी नाही, हे मी जाणतो. दौऱ्यांच्या हिशेबावर आधारलेल्या मोबदल्यात तुम्ही इतरांच्या देयकांसाठी तालुक्याला खेपा घातल्यात. तुमच्या कामाचा सविस्तर अहवाल मी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी पाठवला असून त्याची प्रत तुमच्या नावे कार्यालयात ठेवली आहे; पुढे कुठेही उपयोगी पडत असेल, तर ती अवश्य वापरावी.

मनःपूर्वक आभार.

आपला कृतज्ञ,
वैद्यकीय अधिकारी