वायफायसाठी सिक्युअर बूट बंद करू नका

संपादक महोदय,

विंडोजशेजारी उबंटू ही लिनक्स प्रणाली बसवली आणि वायफाय दिसेना, की सोलापुरात विद्यार्थ्याला एकच सल्ला मिळतो : बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) जा, सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेले सॉफ्टवेअर चालू देणारी सुरक्षा) बंद कर. वायफाय सुरू होतेही. पण बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ अंकी रिकव्हरी की मागते. नव्या लॅपटॉपवर हे कुलूप बऱ्याचदा आपोआप लागलेले असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. प्रकल्पाचे काम आत अडकले की मुले रडकुंडीला येतात.

मूळ अडचण वेगळी आहे. सिक्युअर बूट चालू असताना उबंटू डिजिटल सही नसलेला ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) चालू देत नाही. इंटेलच्या वायफाय कार्डाचा ड्रायव्हर उबंटूच्या सहीनिशी आधीच येतो. ब्रॉडकॉमच्या आणि रिअलटेकच्या काही कार्डांचा ड्रायव्हर मात्र त्याच लॅपटॉपवर तयार होतो आणि तिथेच बनलेल्या चावीने त्यावर सही होते. ही ‘मोक’ (मशीन ओनर की) चावी एकदा नोंदवली, की काम झाले.

उबंटू बसवताना या चावीसाठी पासवर्ड ठरवायला सांगितले जाते. रीस्टार्ट झाल्यावर निळा पडदा येतो, तो जेमतेम दहा सेकंद थांबतो. नव्वद टक्के घोळ इथेच होतो असे म्हटले तरी चालेल, कारण तो पडदा काय आहे हे कोणी सांगितलेलेच नसते. लगेच एखादी कळ दाबावी, ‘एनरोल मोक’, ‘कंटिन्यू’, ‘येस’ निवडून तोच पासवर्ड द्यावा. इथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो, म्हणून पासवर्डमध्ये चिन्हे नकोत. साधी अक्षरे आणि अंक बरे.

पडदा हुकला तरी उबंटू पुन्हा बसवू नये. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) ‘मोकयुटिल’ची ‘इम्पोर्ट’ आज्ञा देऊन व्हार, लिब, शिम-साइन्ड, मोक या फोल्डरांतली ‘मोक डॉट डेर’ फाइल दाखवावी, नवा पासवर्ड ठरवावा आणि रीस्टार्ट करावे. ड्रायव्हरच उतरवायचा राहिला असेल, तर मोबाइल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे. इंटरनेट लगेच मिळते. पुढे कर्नल (उबंटूचा गाभा) अपडेट झाल्यावर वायफाय गेले, तर नव्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर तयार करायला लागणाऱ्या फाइली) बसले आहेत का तेवढे पाहावे. ते नसले की ड्रायव्हर तयारच होत नाही. चावी पुन्हा नोंदवायची गरज नसते.

चावी नोंदवूनही कार्ड कधी दिसते, कधी नाही, असे होत असेल तर विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावे. ते चालू असले की शटडाउन अर्धवट होते आणि कार्ड नीट मोकळे होत नाही.

दुकानदारांना आणि महाविद्यालयांतील प्रयोगशाळा सहायकांना कळकळीची विनंती : बायोसला हात लावण्याआधी विद्यार्थ्याला त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यातून रिकव्हरी की वहीत उतरवून घ्यायला लावा.

— एक वाचक, जुळे सोलापूर